शेवटच्या फेराची आघाडी

३ मार्च, सोमवार

शेवटचा फेर यंदा धाकटी बसवणार.

एवढं एक वाक्य लिहून मी उठले, ओट्यावरची भांडी आवरली, कोरड्या फडक्याने पुसून जागच्या जागी लावली आणि परत येऊन बसले. वाक्य तसंच आहे.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. लग्न होऊन घरात आली तेव्हा हिला उजवं पाऊल आधी की डावं तेसुद्धा माहीत नव्हतं. मी शिकवलं. आमच्या मंडळात मी घेतलं. शहराच्या मेळ्यात पहिल्यांदा मंचावर चढताना तिचे हात गार पडले होते, तेव्हा ते माझ्या हातात धरून चोळले, तेही मीच.

मेळ्यात दरवर्षी या शहरातल्या प्रत्येक समाजाचं पथक आपापला नाच करतं आणि सगळ्यांत शेवटी सगळी पथकं मिळून एकच फेर धरतात. बेटांवरून आलेले, डोंगराकडचे, नदीपलीकडचे, आम्ही, सगळे. त्या फेराची आघाडी माझी. मधोमध एकटी उभी राहणारी आणि पहिला हात उचलणारी बाई म्हणजे मी. ती हात उचलते तेव्हा बाकीचे आत येतात. मेळ्याच्या फलकावर दरवर्षी माझाच फोटो असतो, त्यात तोंडावर हात आला आहे ही गोष्ट वेगळी.

आज बैठकीत संयोजक म्हणाले, "यंदा जरा नवीन डोकं लावू या." त्यांच्या गळ्यात बारा महिने शिट्टी असते, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीमास्तर म्हणतो. नवीन डोकं म्हणजे धाकटीचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते.

आघाडी मात्र अजून माझीच आहे. पण कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते काही उगाच नाही. आज बसवायला मागितलं, उद्या आघाडीही मागेल. बघतेच कशी मागते ते.

६ मार्च, गुरुवार

तालमी सुरू झाल्या. शाळेची व्यायामशाळा मिळाली आहे. भिंतीला शिड्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या, लाकडी जमीन, आणि पायमोज्यांचा वास, तो तर सुट्टीतसुद्धा जात नाही.

इतकी वर्षं आमचा फेर ढोलांच्या दणक्यावर सुरू व्हायचा. धाकटीने ते बदललं. आता मंच रिकामा. मी एकटी मधे. डोंगरवाल्यांचे म्हातारेबुवा पावा वाजवणार, त्यांचा सूर वर चढला की मी हात उचलायचा, आणि मग ढोल. कल्पना वाईट नाही, हे मी फक्त इथे लिहून ठेवते.

पण वाजवणारा धड नको का? म्हातारेबुवांनी पावा ओठाला लावला, गाल फुगवले, बोटं नाचवली, पण सूर म्हणून नाही. मला वाटलं फुंकर जमवतायत. मी आपली वाट बघत उभी. तोवर सगळं पथक माझ्याकडे बघायला लागलं. शिट्टीमास्तर म्हणाले, "बाई, उचला की हात."

मी म्हटलं, "ते वाजवतील तेव्हा उचलीन ना!"

कोणीतरी तोंड दाबून हसलं. म्हातारेबुवांनी पावा खाली घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आपली भाषा येत नाही ते एक बरं आहे. नाचता येईना अंगण वाकडं हे नाचणाऱ्यांपुरतंच खरं आहे असं मला वाटायचं, वाजवणारेही त्यातलेच निघाले.

धाकटी हसली नाही. गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभं राहावं तशी माझ्याकडे बघत होती. माझी चूक व्हायची वाट बघत असणार.

आणखी एक. शिट्टीमास्तर हल्ली शिट्टी नुसतीच तोंडात धरतात, वाजवत नाहीत. लोक आपले थांबतात बिचारे सवयीने.

९ मार्च, रविवार

दुपारी धाकटी आली. आली म्हणजे दार बडवलं. एवढी बेल लावलेली आहे आम्ही दाराला, पण गेल्या वर्षापासून तिला हे नवीन खूळ लागलंय. दोन्ही मुठींनी धाडधाड. शेजारच्या बाईंनी दार उघडून बघितलं.

मी म्हटलं, "अगं, बेल कशाला असते?"

"वाजत नाही हो ताई तुमची बेल," म्हणाली.

मग म्हटलं एकदाचा निकाल लावू. वायरमनला बोलावलं. त्याने दोन-तीनदा बटण दाबलं, मान डोलावली आणि म्हणाला, चांगली आहे की. मी त्याच्या शेजारी उभी होते! कसलाही आवाज नाही. इतका धडधडीत खोटेपणा मी पाहिला नव्हता. ह्यांना विचारलं तर हेही म्हणतात, "वाजतेय." हे कायम परक्याची बाजू घेतात. लग्नाच्या दिवसापासून तसंच आहे.

धाकटी बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत बसली होती. तिने आणलेली नवी घुंगरं मी पायात बांधून पाहिली. अगदी मुकी. एवढ्या बाजारातून हिला नेमकी अशीच बरी सापडली. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "दुसरी बघते." लगेच कबूल. म्हणजे मुद्दामच आणली असणार.

१४ मार्च, शुक्रवार

आज माझा तिळपापड झाला आहे, आणि तो मी नीट लिहून काढणार आहे.

एक, पावा आता एकटा वाजणार नाही. धाकटीने पाव्याच्या खाली बेटवाल्यांचा मोठा ढोल घातला आहे, हळू, संथ, काळजाच्या ठोक्यासारखा. गोडव्याची माती केली. म्हातारेबुवा रुसले होते, त्यांना तिने बाजूला नेऊन हातवारे करून काय काय सांगितलं. ते माझ्याकडे वळून बघत होते आणि मग त्यांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. म्हणजे माझ्या नावाने काहीतरी खपवलं.

दोन, ढोल स्टँडवर ठेवायचे नाहीत, थेट लाकडी जमिनीवर. आणि तेही माझ्या मागे, चार पावलांवर. ढोलवाला म्हणजे दारात उभा राहिला तर उजेड यायचा नाही एवढा आडदांड माणूस. त्याने अंग पसरून मागची सगळी जागा खाल्ली.

तीन, सगळ्यांनी अनवाणी नाचायचं. माझे मऊ तळव्यांचे नाचाचे बूट सगळ्यांना माहीत आहेत. मंडळात दुसऱ्या कोणाकडे नाहीत. मी म्हटलं, "मी बुटांवाचून नाचत नाही."

धाकटी म्हणाली, "ताई, यंदा सगळेच जमिनीला पाय लावून. सगळ्या पथकांत तेवढी एकच गोष्ट सारखी आहे."

टाळ्या! आमच्या मंडळातल्या शिवणवाल्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी. असं गोडगोड बोलून माझ्या पायातले बूट काढून घेतले.

एवढं मात्र खरं की आज माझा हात एकदाही चुकला नाही. पाव्याचा सूर कुठे चढतो ते बरोब्बर कळलं. अडथळे जितके आणाल तितकी मी उभी राहते, हे धाकटीला आज कळलं असेल.

२० मार्च, गुरुवार

वाचनालयात हल्ली कामच करवत नाही. मी देवघेवीच्या टेबलावर बसते. "शांतता राखा" ही पाटी इतक्या वर्षांनी लोकांनी मनावर घेतली आहे. काय मागतायत कळत नाही, नुसते ओठ हलवतात. आज एका आजोबांना तीन वेळा "काय?" विचारलं, तर त्यांनी चिडून कागदावर पुस्तकाचं नाव लिहून दिलं. वयाने माणूस किती चिडखोर होतो.

संध्याकाळच्या तालमीत मी पाणी प्यायला गेले आणि परत येताना दारातून पाहिलं. शिट्टीमास्तर आणि धाकटी कोपऱ्यात, शिड्यांपाशी. मास्तर हात उडवून बोलत होते आणि अधूनमधून माझ्या जागेकडे बोट दाखवत होते. धाकटी मान हलवत होती, आधी नाही, मग हो, मग परत नाही. शेवटी तिने हात जोडले. खरंच जोडले! मग मास्तर हसल्यासारखे झाले आणि शिट्टी तोंडात घालून निघून गेले.

आघाडीसाठी हात जोडून मागते आहे. माझ्या पाठीमागे, मी पाणी पीत असताना. हिला मी माझ्या लग्नातली जरीची ओढणी दिली होती.

नंतर मास्तर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, आघाडी तुमचीच बरं का, काळजी नको." म्हणजे मागितली होती हे नक्की! न मागता कोण असं सांगायला येतं?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे टीव्ही बघत होते, तोही इतका बारीक की चित्रातली माणसं मुकी. मी आवाज वाढवला. ह्यांनी उठून खिडक्या लावल्या.

२४ मार्च, सोमवार

आज धाकटीने वार केला.

तालीम संपल्यावर माझ्याबरोबर चालत आली. कोपऱ्यावर दिव्याखाली थांबली, अगदी माझ्या समोर तोंड करून, आणि म्हणाली, "ताई, रागावू नका. एकदा कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का? मीही दाखवते माझे. दोघी मिळून जाऊ."

मला कळायला एक क्षण लागला. मग डोक्यात तिडीक गेली. म्हातारी झाले म्हणायचंय तर सरळ म्हण! म्हटलं, "माझे कान ठणठणीत आहेत. मला तुझ्या मनातलंसुद्धा ऐकू येतं."

ती एवढंच म्हणाली, "बरं."

 डोळे मात्र भरून आले तिचे. नाटकात घ्यायला हवी हिला. आता सगळ्या मंडळात सांगेल, मोठीला ऐकू येत नाही, आघाडी कशी द्यायची. डाव कळला बाई मला.

घरी आल्यावर हेही म्हणाले, "जाऊन यायला काय हरकत आहे?" म्हणजे ह्यांनाही फितवलंय. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

बोलले नाही दोन दिवस. ह्यांना फरक पडल्याचं दिसलं नाही.

धाकटीची आता नवीन तऱ्हा. फेरात तिची जागा कोणाला तरी देऊन ती स्वतः नेमकी माझ्या समोर येऊन उभी राहते. मी वळले की तीही सरकते, पण नजरेसमोरून हटत नाही. आणि हनुवटीने ठेका धरते, खांद्यांनी धरते, टाळ्या इतक्या मोठ्या वाजवते की बघणाऱ्याला वाटावं सगळा नाच हिच्यावरच चालला आहे. मला ताल दाखवते! मला! हिला ताल म्हणजे काय ते मी स्वयंपाकघरात पोळपाटावर लाटणं आपटून शिकवलं होतं.

लोक तिच्याकडेच बघणार. माझा हात वर जाईल आणि डोळे सगळे तिच्याकडे. खोटं कशाला बोलू, ती दिसतेही छान. हनुवटी हलवताना गळ्याजवळ एक शीर दिसते, ती माझीही दिसायची. तिचा घोटा वळतो तसा माझा आता वळत नाही. आज घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि तिच्यासारखी हनुवटी हलवून पाहिली. ह्यांनी विचारलं, मान अवघडली का?

५ एप्रिल, शनिवार

उद्या मेळा. आज मंचावरची तालीम.

चौकात मंच घातला आहे, लोखंडी पाइपांवर लाकडी फळ्या. खाली फरसबंदी. चारी बाजूंना दुकानं मांडायचं चाललंय, माणसं शिडीवर चढून पताका बांधतायत, वेगवेगळ्या भाषांत एकमेकांवर ओरडतायत. दरवर्षी हे बघायला मी मुद्दाम लवकर येते.

तालीम उत्तम झाली. पण मी फेरातून नव्हे, प्रेक्षकांच्या जागेवरून बघितलं. आमच्या शिवणवाल्या बाईंना मधे उभं केलं आणि खाली उतरून पाहिलं. तेव्हा सगळा डाव उघडा पडला. मागे तो अक्राळविक्राळ ढोलवाला, म्हणून आघाडीची बाई पुढे ढकललेली, अगदी अडचणीत. आणि त्या अडचणीमुळे उजेड कोणावर पडतो? समोर उभ्या असलेल्या धाकटीवर. ढोल तिथे ठेवण्याचं दुसरं काही कारणच नाही!

सगळे चहाला गेले तसा मी मंच बांधणाऱ्याला गाठला. म्हटलं, "उद्या शेवटच्या फेराला मोठे ढोल वर नकोत. खाली, फरशीवर. मंचाच्या बाजूला."

त्याने विचारलं, "मास्तरांनी सांगितलं?"

मी म्हटलं, "हो."

एवढं सोपं होतं. ढोलवाल्यालाही खुणेने सांगितलं. त्याने खांदे उडवले. त्याला कुठेही बसवा, तो वाजवणार.

बेटाएवढी जागा मोकळी झाली मागे. उद्या मी मधोमध उभी राहीन, आणि सगळा उजेड माझा. शेरास सव्वाशेर भेटायलाच हवा कधीतरी.

६ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

मेळा भरगच्च झाला. बेटवाल्यांनी ढोलांनी चौक हलवला. डोंगरवाल्यांच्या पोरी एका रांगेत अशा फिरल्या की बघणारी म्हातारी माणसं खुर्चीतून उठली. नदीपलीकडच्या बायकांनी डोक्यावर दिवे घेऊन नाच केला, एकही विझला नाही. आमचाही बरा झाला. मग दिवे मंद झाले आणि मी अनवाणी जाऊन मंचाच्या मधोमध उभी राहिले.

म्हातारेबुवांनी पावा ओठाला लावला. गाल फुगले. बोटं हलली. मी वाट बघितली.

काही नाही.

खाली बाजूला ढोलवाल्याचे हात मला दिसत होते. वर जात होते, खाली येत होते. संथ, रोजच्यासारखे. हात हलतायत, ढोल वाजतोय, आणि मला काही नाही. पायाखालची फळी गार आणि मेलेली. तालमीत फळ्या जिवंत असायच्या. टाचांमधून वर पोटऱ्यांपर्यंत यायचं, आणि मग मला पावा ऐकू यायचा. म्हणजे मला वाटायचं ऐकू येतो.

मी रोज ऐकत होते ते पायांनी ऐकत होते.

हे मला तिथे कळलं, सगळं शहर समोर बसलेलं असताना. बेल, घुंगरं, शिट्टी, ते चिडलेले आजोबा, सगळं एकदम कळलं. पण हात कधी उचलायचा ते कळेना. सूर चढून गेला असणार, कारण समोरच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, तो मी माणूस लावून, जागा दाखवून पाडून घेतला होता.

मी धाकटीला शोधलं. ती मंचाच्या कडेच्या फळीवर, बाकीच्या पथकांबरोबर आत यायच्या तयारीत उभी होती. तिने आधी माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग खाली ढोलाकडे, मग माझ्याकडे. तिला इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती एक पाऊल पुढे आली.

मी मनात म्हटलं, ये. घे. तुझीच आहे.

ती मधे आलीच नाही. कडेलाच थांबली, माझ्यासमोर, परकर घोट्यावर उचलला आणि टाच फळीवर आपटली. एकदा. मग थांबून पुन्हा. खालच्या ढोलवाल्याच्या हातांबरोबर. मला ती टाच पायात आली. पुन्हा आली. मग तिच्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी आपटली, मग डोंगरवाल्यांच्या पोरींनी, मग बेटवाल्यांच्या थोराड बायकांनी, कोणी काही न सांगता, सगळ्या पथकांनी, आपापल्या जागेवर, अनवाणी टाचा. सगळा मंच धडधडायला लागला. माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं. धाकटीने हनुवटी वर केली, आणि मी हात उचलला.

पुढचा फेर मला नीट आठवत नाही. चुकला नाही एवढं खरं.

टाळ्या संपेनात. त्या मला दिसल्या. शिट्टीमास्तर धावत वर आले आणि धाकटीचे दोन्ही हात धरून म्हणाले, हे मी त्यांच्या ओठांवर स्पष्ट वाचलं, "काय कल्पना! आधी ती शांतता आणि मग टाचा! काय कल्पना!" सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मी मधोमध एकटी उभी, सगळा उजेड माझ्यावर.

आणि खरं सांगते, त्याही क्षणी माझ्या पोटात दुखलं. सगळं कळूनसुद्धा. इतका वाईट स्वभाव आहे माझा.

८ एप्रिल, मंगळवार

काल धाकटी आली नाही. मीही गेले नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तेव्हा ह्यांनी माझ्या समोर येऊन, माझा खांदा धरून, पुन्हा विचारलं. हे इतके दिवस समोर येऊनच बोलत होते, हे काल माझ्या लक्षात आलं. मला वाटायचं, जागा अडवतात.

आज संध्याकाळी दार धाडधाड वाजलं. फळीवरचं वाजलं तसंच, हाडांत.

धाकटी आत येऊन बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "मंच बांधणाऱ्याशी भांडून आले मी. वाटेल ते बोलले त्याला. मग तो म्हणाला, मोठ्या बाईंनी सांगितलं. ताई, तुम्ही मूर्ख आहात का?"

मी म्हटलं, "हो."

"माझा जीव गेला होता तिथे. मास्तर तुम्हाला काढायलाच निघाले होते. हात जोडले मी त्यांच्यापुढे. म्हटलं, ढोल फळीवर ठेवा, पाय मोकळे ठेवा, ताईंचं पाऊल चुकलं तर मला धरा. आणि तुम्ही ढोलच उचलून..."

ती रडायला लागली. मी उठून तिच्यासाठी पाणी आणलं. काय करावं सुचत नव्हतं म्हणून आणलं.

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दार बडवायला लागले तेव्हापासून," ती म्हणाली. "एकदा खूप वेळ बेल वाजवली. खिडकीतून तुम्ही दिसत होतात, भाजी निवडत होतात. हाक मारली तरी मान वर नाही. मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं आणि दोघंही जेवलो नाही."

 मग मी एक गोष्ट म्हटली. कालपासून मनात घोळत होती, आणि म्हणायला फार जड गेली. म्हटलं, "पुढच्या वर्षी आघाडी तू कर."

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. नाही ताई, तुम्हीच, असं काहीतरी. मी त्याची तयारीही ठेवली होती.

ती नाक पुसत म्हणाली, "करणारच आहे. मला ती पहिल्या वर्षापासून हवी होती. पण तुमच्या हातून घ्यायची होती, मास्तरांच्या नव्हे."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता! मला इतकं बरं वाटलं की मी हसले. ती आधी घाबरली, मग तीही हसली. हे आतून बघायला आले तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्यावर लाटण्याने ठेका धरून बसलो होतो. ह्यांनी विचारलं, "आता कसलं?" आम्ही ठेका चालूच ठेवला.

२७ एप्रिल, रविवार

कानात मशीन घालून आज पाच दिवस झाले. डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो होतो. धाकटीचे कान उत्तम निघाले. तेही मला जरा झोंबलंच.

जग फार कर्कश आहे. फ्रीज घुरघुरतो. सपाता कुरकुरतात. हे चहा पिताना असा आवाज करतात की मधली दोन वर्षं बरी गेली असंच म्हणायला हवं. वाचनालयात लोक कुजबुजत नाहीत, चांगले बडबडतात, आणि काय काय बडबडतात! त्या आजोबांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "काय?"

म्हातारेबुवांनी घरी येऊन पावा वाजवून दाखवला. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. इतका बारीक, वर वर जाणारा सूर, मशीनमधून जरा पत्र्यासारखा. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. तिला तो अख्खा ऐकू येत होता, जसा आहे तसा. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले आणि पुन्हा जळले. हे बहुतेक आता माझ्याबरोबरच जाणार.

आज दुपारी मी शेंगा निवडत बसले होते. एकटीच. एक किनरा, चिरका आवाज आला. आधी वाटलं मशीन बिघडलं. मग पुन्हा आला. मग कळलं, बेल! वायरमन खरा होता. इतकी घाणेरडी बेल आम्ही घेतली होती हे मी विसरूनच गेले होते.

धाकटी बाहेर बटणावर बोट ठेवून उभी होती, बघायला, की मोठीला ऐकू येतं का. तिसऱ्यांदा वाजवली. मी शेंगा खाली ठेवल्या, पण उठले नाही. बसून राहिले. मग दोन्ही मुठींनी दार धाडधाड वाजलं, खुर्चीच्या पायांतून माझ्या पायांत आलं, आणि मी उठून दार उघडलं.